राउटरचं झाकण

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघायला आलेला पाहुणा उंच भिंतीवरून हौदात कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो काढतो, फिरतं जातं बघतो, वडाखाली जरा टेकतो आणि बसकडे वळतो. पाणी इतक्या उंचीवर चढलं कसं, हे विचारणारे थोडेच. डोंगराकडून, जमिनीखालच्या खापरी नळांतून, कुठलाही पंप न लावता, केवळ उतार आणि दाब यांच्या हिशेबावर ते इथवर आणलं होतं. त्याच्या शतकभर आधी मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या याच शहराला, नहर-ए-अंबरीने अशाच रीतीने पाणी पाजलं. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी मनोरे होते, आत उतरायला तोंडं होती. गाळ बसला की झाकण सरकवून माणूस खाली उतरायचा आणि वाट मोकळी करायचा. नहर पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यात बांधणाऱ्यांच्या अकलेइतकाच वाटा या झाकणांचा आहे.

आज घरात दुसरी एक नहर येते, इंटरनेटची. तिचं पाणी मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही यांच्यात वाटून देणारी डबी म्हणजे राउटर. या डबीला उघडण्याजोगं झाकण बहुतेक वेळा नसतं. प्लास्टिकच्या खोक्याचे स्क्रू निघतात हो. मी म्हणतोय ते आतल्या प्रोग्रामचं झाकण. कंपनीने भरून दिलं तेच चालवायचं, आणि कंपनीने लक्ष काढून घेतलं की तेच जुनंपानं पुढे रेटायचं, अशी रीत पडली आहे. ती मोडता येते. कशी मोडायची, मोडताना काय चुकतं आणि चुकल्यावर काय करायचं, हे सांगायला मी एक स्वस्त आणि सुटसुटीत नमुना घेतो: प्रवासात न्यायचा छोटा राउटर.

खिशातली देवडी

हा राउटर तळहातावर मावतो. मोबाइलच्या साध्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर चालतो. केबलसाठी एखाददुसरं भोक, एक रिसेटचं बटण, दोन-तीन दिवे, संपलं. वेरूळ-अजिंठा बघायला आलेलं पाच जणांचं कुटुंब स्टेशन रोडवरच्या एखाद्या लॉजमध्ये उतरलंय आणि काउंटरवरचा माणूस सांगतोय की एका खोलीला वायफाय दोनच मोबाइलवर चालेल. अशा वेळी ही डबी कामाला येते. ती लॉजच्या वायफायला स्वतः जोडली जाते आणि खोलीत आपलं वेगळं वायफाय सोडते. लॉजला एकच उपकरण दिसतं. मागे पाच मोबाइल असोत की सात.

हे कसं होतं, ते जुन्या वाड्याचं चित्र डोळ्यांपुढे आणलं की कळतं. वाड्याचा पत्ता एक, आत बिऱ्हाडं अनेक. पोस्टमन सगळं टपाल देवडीवर देतो, देवडीवरचा माणूस ज्याचं त्याला पोचवतो. आतल्या बिऱ्हाडांचे नंबर बाहेरच्या जगाला ठाऊक नसतात आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. राउटर हेच करतो. त्यातून सुरक्षितताही थोडी वाढते, कारण लॉजच्या वायफायवरचा अनोळखी माणूस आपल्या लॅपटॉपपर्यंत थेट पोचत नाही. त्याला आधी देवडी लागते.

आमच्याकडे या डबीचा आणखी एक उपयोग आहे. लाइट गेली की घरचा मोठा राउटर डोळे मिटतो, पण मोबाइलमध्ये डेटा शिल्लक असतो. मोबाइल यूएसबी केबलने या डबीला जोडायचा, डबी पॉवर बँकेला लावायची. घरातल्या सगळ्यांचं काम चालू राहतं.

डबीच्या पोटात

राउटर हा एक छोटा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, काम करताना लागणारी रॅम असते आणि लाइट गेली तरी मजकूर टिकवणारी फ्लॅश नावाची चिप असते. फ्लॅशमध्ये जो प्रोग्रामांचा गठ्ठा भरलेला असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचे ढोबळमानाने तीन भाग. पहिला बूटलोडर: वीज मिळताच जागा होऊन पुढच्यांना हाक मारणारा. दुसरा कर्नल: चिप, रेडिओ, केबल यांच्याकडून काम करून घेणारा. तिसरा फाइलींचा साठा: सेटिंगची पानं, पासवर्ड तपासणारा प्रोग्राम, बाकीची अवजारं. बूटलोडर हे नाव लक्षात ठेवा. पुढे तोच आपला जीव वाचवणार आहे.

अडचण अशी की राउटर पाच-सात वर्षं सहज चालतो, पण कंपनी नवं फर्मवेअर देणं बरंच आधी थांबवते. तोवर तिचं नवं मॉडेल बाजारात आलेलं असतं. दरम्यान जुन्या प्रोग्रामांतल्या फटी जगजाहीर होत जातात. मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस या सुरक्षा-पथकाने व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम उघडकीला आणला. तो किमान ५४ देशांतल्या निदान ५ लाख उपकरणांत शिरला होता, आणि त्यांतले बहुतेक घरातले, छोट्या दुकानांतले साधे राउटर होते. लोकांना पत्ता नव्हता, कारण राउटरकडे आपण फक्त इंटरनेट बंद पडलं तरच बघतो.

२००३ साली काय झालं

या डबीवर पर्याय म्हणून जे मुक्तस्रोत फर्मवेअर चढवतात, त्यांत सर्वांत नावाजलेलं ओपनडब्ल्यूआरटी. नाव बोजड आहे, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. लिंकसिस कंपनीने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर आणला. पुढच्याच वर्षी सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. २००३ च्या उन्हाळ्यात काही चिकित्सक लोकांनी राउटरचं फर्मवेअर उकलून पाहिलं, तर आत लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली निघाली.

लिनक्स वापरायला पैसे पडत नाहीत, पण त्याच्या जीपीएल परवान्याची एक अट आहे: तुम्ही ते वापरून केलेली वस्तू विकत असाल, तर त्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, मागणाऱ्याला दिला पाहिजे. तो दिलेला नव्हता. बोभाटा झाला, आणि २००३ मध्येच कंपनीने तो खुला केला. आपल्याकडे पाककृतीचं कसं असतं बघा: पुरणपोळीची कृती शेजारणीकडून फुकट घ्यायची, त्यात आपलं जायफळ घालायचं आणि मग कृती विचारली की तोंड फिरवायचं, याला परवान्यात मुभा नव्हती.

त्या खुल्या झालेल्या मजकुरावर जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचं काम सुरू झालं. राउटरच्या नावातला ‘डब्ल्यूआरटी’ तसाच राहिला. आज हे फर्मवेअर कित्येक कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांवर चालतं. प्रवासी राउटर बनवणारी जीएल-आयनेटसारखी कंपनी तर कारखान्यातूनच ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं फर्मवेअर घालून देते, आणि त्यावरचा आपला थर काढून कोणी शुद्ध ओपनडब्ल्यूआरटी चढवलं तरी अडवत नाही.

भारतात या स्वातंत्र्याचा एक जुना धडा हिमाचलातल्या धर्मशाळेचा. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला आणि फेब्रुवारीतच तिथे डोंगरातल्या शाळा-संस्थांना जोडणारं बिनतारी जाळं उभं राहिलं. महागडी यंत्रं घेणं परवडण्याजोगं नव्हतं. घरगुती वापराचे स्वस्त राउटर घ्यायचे, आतला प्रोग्राम बदलायचा, आणि एकाने दुसऱ्याला पुढे निरोप द्यायचा अशी साखळी बांधायची. ऊन, पाऊस आणि अँटेनाला लोंबकळणारी माकडं यांना तोंड देत ते जाळं वाढलं. झाकण उघडता आलं नसतं, तर त्या डोंगरात हा हिशेब जमला नसता.

आधी तळाचं लेबल वाचा

आता आपल्या डबीकडे वळू. सगळ्यांत महत्त्वाचं काम लॅपटॉप उघडण्याआधीचं आहे: डबी उलटी करून लेबल वाचणं. मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत व्ही१, व्ही२, व्ही३ असं काहीतरी असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाव तेच ठेवून कंपन्या आतलं यंत्र सर्रास बदलतात.

याचं ठळक उदाहरण पुन्हा त्याच निळ्या राउटरचं. डब्ल्यूआरटी५४जीच्या चौथ्या आवृत्तीत ४ मेगाबाइट फ्लॅश आणि १६ मेगाबाइट रॅम होती. २००५ मधल्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही निम्म्यावर आणल्या आणि लिनक्स काढून दुसरीच प्रणाली घातली. खोकं जवळपास तेच, नाव तेच. लिनक्सवाल्या गिऱ्हाइकांसाठी मग डब्ल्यूआरटी५४जीएल असं वेगळं मॉडेल काढावं लागलं. प्रवासी राउटरांतलं उदाहरण टीपी-लिंकच्या टीएल-एमआर३०२० चं. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ४ मेगाबाइट फ्लॅश, ३२ मेगाबाइट रॅम. तिसरीत ८ आणि ६४, शिवाय चिपही दुसऱ्याच कंपनीची. पहिलीची फाइल तिसरीत घालणं म्हणजे मोटारसायकलच्या टाकीत डिझेल ओतणं.

हे आकडे महत्त्वाचे का? लिनक्स दरवर्षी थोडं अंग धरतं. ४ आणि ३२ मेगाबाइटच्या डब्यांना ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्यांनी केव्हाच रामराम ठोकला. ८ आणि ६४ वर ते कसंबसं मावतं. आज जुनी डबी विकत घेत असाल तर १६ मेगाबाइट फ्लॅश आणि १२८ मेगाबाइट रॅम ही पायरी धरा. जीएल-आयनेटचा ‘मँगो’ नावाचा पिवळा प्रवासी राउटर याच मापाचा आहे.

एक ताकीद. हे प्रयोग स्वतःच्या डबीवर करायचे. फायबरवाल्याने बसवून दिलेली पेटी बऱ्याचदा त्याच्याच मालकीची असते आणि तसल्या बहुतेक पेट्यांना ओपनडब्ल्यूआरटी चालतही नाही. तिला हात लावू नका. आणि फर्मवेअर बदललं की वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

फ्लॅश करण्याची रीत

ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव टाकून फाइल निवडायची सोय आहे. तिथे साधारणपणे दोन फाइली दिसतात: ‘फॅक्टरी’ आणि ‘सिसअपग्रेड’. इथे नवखे गोंधळतात. फॅक्टरी फाइलीच्या डोक्यावर मूळ कंपनीला ओळखू येईल असा शिक्का असतो, म्हणून कंपनीचं अपग्रेडचं पान तिला आत घेतं. पहिल्यांदा चढवताना हीच घ्यायची. डबीत आधीच ओपनडब्ल्यूआरटी किंवा त्यावर बेतलेलं काही असेल, तर सिसअपग्रेड. अशा वेळी ‘जुन्या सेटिंग ठेवा’ या अर्थाची टिक काढून टाकायची. जुन्या थराच्या सेटिंग नव्या घरात आणल्या की भांडणं होतात.

फाइल उतरवली की तिचा एसएचए-२५६ ताळा तपासायचा. हा ६४ अक्षर-अंकांचा ठसा असतो. फाइलीत एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी ठसा पार बदलतो. संकेतस्थळावरचा ठसा आणि आपल्या संगणकाने काढलेला ठसा जुळला, की फाइल धडधाकट पोचली असं समजायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे टाळणारे पुढे दोन दिवस घालवतात.

आता लॅपटॉप आणि राउटर यांच्यात केबल लावायची. वायफायवरून हे काम करायचं नाही, कारण मध्येच वायफाय तुटणार हे ठरलेलंच. वीज भरवशाची हवी. फ्लॅशवर लिहिणं चालू असताना लाइट गेली, तर अर्धं जुनं आणि अर्धं नवं अशी अवस्था होते. मोठ्या राउटरला यासाठी इन्व्हर्टर लागतो. आपली डबी भरलेल्या पॉवर बँकेला लावली की भागतं. लॅपटॉपची बॅटरीही बघून घ्या.

मग कंपनीच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ‘फर्मवेअर अपग्रेड’ मध्ये फाइल द्यायची आणि हात मागे घ्यायचे. पुढची तीन-चार मिनिटं अवघड असतात. दिवे लुकलुकतात, विझतात, पुन्हा लागतात. पान गोठल्यासारखं दिसतं. काहीतरी करावंसं वाटतं. काही करू नका. चहा टाका.

दिवा स्थिर झाला की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकायचा. ओपनडब्ल्यूआरटीचं सेटिंगचं पान उघडतं; त्याला ल्युसी म्हणतात. वापरकर्त्याचं नाव ‘रूट’, पासवर्ड रिकामा. पहिलं काम, पासवर्ड ठेवणं. दुसरी गोष्ट ऐकून ठेवा, नाहीतर धसका बसेल: नव्या ओपनडब्ल्यूआरटीत वायफाय सहसा बंद असतं. राउटर मेलेला नसतो. पासवर्डाशिवायचं वायफाय गल्लीत उघडं पडू नये, म्हणून ही खबरदारी. ते चालू करताना देश म्हणून भारत निवडायचा. कुठल्या पट्ट्यात किती ताकदीने बोलायचं हे देशागणिक वेगळं असतं आणि राउटर त्या निवडीवरून ठरवतो. जास्त रेंजच्या मोहाने दुसरा देश निवडणारे सापडतात. ते नियमात बसत नाही, आणि मोबाइल तितक्याच ताकदीने उलट बोलू शकत नसल्याने फायदाही फारसा होत नाही.

पहिल्या संध्याकाळचे घोटाळे

माझी पहिली संध्याकाळ सिडकोतल्या घरी एका क्षुल्लक गोष्टीने खाल्ली. डबी चालू, वायफाय चालू, पण इंटरनेट येईना. कारण असं निघालं की घरच्या मोठ्या राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ आणि नव्या डबीचाही तोच. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर. टपाल जाणार कुठे? डबीचा पत्ता १९२.१६८.८.१ केला आणि सगळं सुरळीत झालं. प्रवासी राउटरला हा बदल पहिल्याच दिवशी करून टाका, कारण लॉजमध्येही हाच पत्ता भेटण्याचा संभव दांडगा.

दुसरा घोटाळा रेडिओचा. स्वस्त डबीत एकच रेडिओ असतो. तोच लॉजच्या वायफायचं ऐकतो आणि तोच आपल्या मोबाइलांशी बोलतो. एका तोंडाने दोघांशी बोलायचं म्हटल्यावर वेग साधारण निम्मा होतो. वाईट म्हणजे लॉजचं वायफाय सापडलं नाही, तर आपलं वायफायही उठत नाही, आणि मग सेटिंग बदलायला आत शिरणार कुठून? केबल जवळ ठेवणं हा साधा उपाय. ‘ट्रॅव्हलमेट’ नावाचं पॅकेज बसवणं हा नीटनेटका उपाय: ते ओळखीची वायफाय शोधतं, एक गेलं की दुसरं धरतं.

तिसरा घोटाळा लॉजच्या लॉगिन पानाचा. मोबाइल नंबर टाका, ओटीपी द्या, मग इंटरनेट, हे पान डबीमागे कधीकधी उघडतच नाही. कारण डबीतला पत्ते शोधून देणारा प्रोग्राम सावध असतो: बाहेरच्या नावाने आतला खासगी पत्ता सांगणारं उत्तर त्याला फसवणूक वाटतं आणि तो ते टाकून देतो. लॉजचं पान नेमकं तसंच वागतं. ही राखण तेवढ्यापुरती सैल केली की पान उघडतं. एका मोबाइलवरून लॉगिन केलं की सगळ्यांचं काम होतं.

चौथा घोटाळा कोंबडी-अंड्याचा. मोबाइल यूएसबीने जोडायचा तर त्यासाठी वेगळी पॅकेजं लागतात, आणि ती उतरवायला आधी इंटरनेट लागतं. म्हणून ती घरीच, घरच्या इंटरनेटवर बसवून घ्यायची. प्रवासाच्या पिशवीत सुई-दोरा घरून भरतात, तसंच.

हे जमलं की मग मौज आहे. जाहिरातींचे पत्ते डबीतच अडवता येतात, म्हणजे प्रत्येक मोबाइलवर वेगळी खटपट नको. एकाने व्हिडिओ चढवायला घेतला म्हणून दुसऱ्याचा कॉल अडखळू नये, यासाठी रांग लावून देणारं ‘केक’ नावाचं तंत्र वापरता येतं. वायरगार्ड नावाचा प्रोग्राम वापरून लॉजमधून घरच्या राउटरपर्यंत कुलूपबंद बोगदा काढता येतो. इथे आपल्याकडची एक खोच आहे: आपल्या अनेक कंपन्या घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता न देता शेकडो घरांना मिळून एक देतात. देवडीच्या बाहेर आणखी एक मोठी देवडी असल्यासारखं. तेव्हा बाहेरून घरापर्यंत बोगदा पोचत नाही. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता मिळत असेल तर वाट निघते, नाहीतर कंपनीकडून पैसे भरून स्वतंत्र पत्ता घ्यावा लागतो.

ब्रिक झाला तर

चुकीच्या फाइलीने किंवा अर्धवट लिहिण्याने राउटर उठेनासा झाला की या धंद्यातले लोक ‘ब्रिक झाला’ म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. पण वीट आणि वीट यांत फरक असतो.

पहिली, कच्ची वीट: आपणच सेटिंग अशी केली की आत शिरता येत नाही. याला ओपनडब्ल्यूआरटीची रचनाच उपाय देते. मूळ फर्मवेअर फ्लॅशमध्ये फक्त वाचता येणाऱ्या थरात असतं आणि आपले बदल त्यावरच्या वेगळ्या थरात. छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा माराव्यात तसं. रेघा चुकल्या की पेपर काढून फेकायचा, नकाशा शाबूत. सुरू होताना दिवा ठरावीक लयीत लुकलुकला की बटण दाबायचं; राउटर ‘फेलसेफ’ अवस्थेत, म्हणजे ट्रेसिंग पेपर बाजूला ठेवून उठतो.

दुसरी, भाजलेली वीट: कर्नल किंवा फाइलींचा साठाच बिघडलाय. इथे बूटलोडर धावून येतो. तो वेगळ्या कप्प्यात असल्याने बहुधा जिवंत असतो. रिसेट दाबून ठेवून वीज दिली की तो केबलवरून नवी फाइल मागतो. काही मॉडेलांत त्यासाठी लॅपटॉपला ठरावीक पत्ता आणि फाइलीला ठरावीक नाव द्यावं लागतं. काही डब्यांत बूटलोडर स्वतःचं छोटं पानच उघडून देतो. ही माहिती आपल्या मॉडेलपुरती आधीच लिहून ठेवायची, कारण गरज पडेल तेव्हा इंटरनेट बंद असेल.

तिसरी वीट खरी पक्की: बूटलोडरच गेला. मग खोकं उघडून चिपवर थेट लिहिण्यापर्यंत काम जातं. नवख्याने एवढं एक पाळायचं: बूटलोडर बदलण्याच्या फंदात पडायचं नाही.

२०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटीने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेसोबत ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ नावाचा स्वतःचा राउटर आणला. त्यात रोजच्या फ्लॅशखेरीज संकटकाळासाठी दुसरी फ्लॅश चिप आहे आणि एक खटका सरकवून तिच्यावरून राउटर उठवता येतो. वीस वर्षं विटा सांधणाऱ्यांनी केलेली ही रचना आहे.

किती मुक्त?

भाबडेपणाने सगळं मुक्त झालं असं मानू नये. रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्यातल्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या योजनेतले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. ते लिनक्सवर चालत, आपसांत बिनतारी जाळं विणत, आणि मुलांनी आतला प्रोग्राम उघडून बघावा हाच त्यांचा हेतू होता. त्यांतही वायफाय चिपच्या पोटातलं फर्मवेअर बंदिस्तच होतं. राउटरांत आजही तीच गत आहे. रेडिओ चिप बनवणारी कंपनी आपला मजकूर देत नाही, तिथे मुक्त फर्मवेअरलाही बंद पुडी तशीच गिळावी लागते. ज्यांच्या चिपांची माहिती बाहेर येत नाही, ते राउटर म्हणूनच ओपनडब्ल्यूआरटीवर नीट चालत नाहीत. विकत घेण्याआधी मॉडेलांची यादी बघायची ती यासाठी.

कायद्याचाही पेच होता. राउटरचा रेडिओ हवामानाच्या रडारला त्रास देऊ नये म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने नियम कडक केले, आणि रेडिओपुरतं कुलूप लावण्याऐवजी काही कंपन्यांनी अख्ख्या डबीलाच कुलूप घातलं. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकशी झालेल्या तडजोडीत आयोगाने २ लाख डॉलर दंड केला, पण त्याच कागदात कंपनीने बाहेरच्या फर्मवेअरला वाट देण्याचं कबूल केलं. नियम पाळणं आणि झाकण उघडं ठेवणं एकत्र नांदू शकतं.

आणि मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षितही नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या मागणीनुसार फर्मवेअर बांधून देणाऱ्या सेवेतच एका जपानी सुरक्षा संशोधकाने खोट काढली. तिथे त्या ६४ अक्षरी ठशातली फक्त १२ अक्षरं वापरली जात होती, त्यामुळे नकली ठसा जुळवणं शक्य होतं. काही तासांत ती दुरुस्त झाली आणि काय चुकलं होतं ते सगळ्यांना सांगितलं गेलं. खोट निघणं कुणालाच चुकत नाही. ती लपवायला जागा नसणं, हा फरक. मात्र दुरुस्त आवृत्ती आपल्या डबीवर चढवणं हे आता आपलं काम असतं. जो वर्षातून दोनदाही तिकडे बघणार नाही, त्याने कंपनीचं फर्मवेअर आणि आपोआप अपडेट हाच मार्ग धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपला वाटा

शेवटी एक गोष्ट मराठी वाचकांसाठी. ल्युसीचं पान अनेक भाषांत दिसू शकतं आणि त्या यादीत मराठीही आहे. मराठीचं पॅकेज बसवून भाषा बदलली की काही शब्द मराठीत येतात, बाकी बरेच इंग्रजीतच राहतात, कारण भाषांतर अपुरं आहे. ते कुठल्या कंपनीने करायचं नाहीये. वेबलेट नावाच्या खुल्या जागेवर कोणीही नोंदणी करून एकेक ओळ मराठीत आणू शकतो. प्रोग्रामिंग यावं लागत नाही. ‘पासवर्ड जुळत नाही’, ‘बदल जतन करा’, ‘केबल जोडलेली नाही’ असल्या साध्या ओळी आहेत त्या. विद्यापीठातल्या, देवगिरी कॉलेजातल्या, अभियांत्रिकीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत रोज वीस ओळी घेतल्या, तरी पैठणच्या किंवा कन्नडच्या एखाद्या दुकानदाराला आपल्या राउटरचं पान आपल्या भाषेत वाचता येईल. कपाटात जुनी डबी पडली असेल तर काढा, उलटी करा आणि आधी तळाचं लेबल वाचा.